रत्नपालनं लिहिलेला ड्रायव्हर

“अन् मंग केंद्रप्रमुख बाई मला काय म्हणाव्यात—”

एवढं बोलून निता गेली.

गेली म्हणजे पडद्यावरून गेली. कॉम्प्युटर फट्कन बंद पडला आणि काळ्या काचेत रत्नपाल खिल्लारेला स्वतःचं तोंड दिसलं. भुवया वर, अर्धवट हसू, पुढचं वाक्य ऐकायला अगदी सज्ज. बायकोचा चेहरा पाहता पाहता एकाएकी स्वतःचाच पाहावा लागणं हा काय अपमान असतो, ते ज्याच्यावर आलं तोच जाणे. केंद्रप्रमुख बाई काय म्हणाल्या ते आता पुढच्या रविवारी कळायचं, आणि तोवर निता ते विसरूनही जायची. रत्नपालकडे अशी अर्धी वाक्यं बरीच साठली होती.

निता जिल्हा परिषदेची शिक्षिका. तिची शाळा पार समुद्राकडच्या जिल्ह्यात, डोंगरातल्या एका पाड्यावर. कुरुंद्याहून निघालेल्या माणसाला तिथं पोचायला दीड दिवस लागायचा, आणि शेवटच्या टप्प्याला जीपच्या मागच्या शिडीला लोंबकळायची तयारी लागायची. रत्नपाल वसमतच्या एका कॉलेजात संगणक प्रयोगशाळेचा सहायक. राहायला कुरुंद्यात, रोज एसटीनं ये-जा. लग्नाला सहा वर्षं झालेली. सरकारात या दुखण्यावर एक औषध आहे, त्याला ‘पती-पत्नी एकत्रीकरण’ म्हणतात. नाव असं की आज अर्ज टाकला की संध्याकाळी दोघं एका ताटात जेवणार. निता पाच वर्षं अर्ज टाकत होती. एका वर्षी प्रमाणपत्राचा नमुना चुकला, एका वर्षी पोर्टल बंद, एका वर्षी तिच्या जागी यायला कुणी तयार नाही. उरलेल्या दोन वर्षांची कारणं कुणी कळवलीच नव्हती.

तर मधल्या काळात हा रविवारचा व्हिडिओ कॉल. आता कुणी म्हणेल, त्यासाठी मोबाईल असतो. होता की. पण खिल्लारेंच्या घरात नेटवर्क यायचं ते फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत, तेही वरच्या गजाशी. त्यामुळं मोबाईल तिथं भाजीच्या पिशवीत टांगलेला असायचा आणि तिथून इंटरनेट आतल्या कॉम्प्युटरला पुरवायचा. शिवाय निताची सक्त सूचना होती, “मोबाईलवर बोलताना तुमी मला छत दाखवता. सहा वर्षांत मी तुमच्यापेक्षा तुमच्या पत्र्याला जास्ती पाहिलं.” आणि रत्नपालचं म्हणणं, मोबाईलवर बायको काडेपेटीवरच्या चित्राएवढी दिसते. म्हणून त्यानं कॉलेजनं मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर आणि चांगला पसरट पडदा घरी आणला होता. त्या पडद्यावर निता जवळपास खऱ्याएवढी दिसायची. अकरा मिनिटं.

उन्हाळा लागल्यापासून हे अकरा मिनिटांचं सुरू झालं होतं. कॉल लागला की यंत्र तापायचं आणि अकराव्या मिनिटाला मान टाकायचं. त्यामुळं नवरा-बायकोनं बोलणं आखून घेतलं होतं. पहिली दोन मिनिटं तब्येत, मग गॅस, लाईट बिल, मग बदलीचा फॉर्म, आणि शेवटी, वेळ उरलाच, तर एकमेकांकडे पाहणं. वेळ उरायचा नाही.

घरातली वस्तू बिघडली की ती घरातली राहत नाही, गल्लीची होते. शेजारच्या जिवनबाईंनी पहिल्याच आठवड्यात निदान केलं. “त्याला वलं पोतं गुंडाळ बाबा. आमचं दूध न्हाई नासत तसं.” कॉलेजातले हेडक्लार्क रामप्रसाद म्हणाले, “फॉरमॅट मारा.” रामप्रसादांना संगणकातला हा एकच शब्द येत होता आणि तो ते प्रिंटरलाही लावायचे. कुणी म्हणालं वीज कमी-जास्त होते, कुणी म्हणालं दृष्ट लागली, एकानं तर कॉम्प्युटर पालथा ठेवून पाहा म्हणून सांगितलं. रत्नपालनं पेटी उघडून साफ केली. समोरच हळद पॉलिश करायचं यंत्र चालायचं, त्यामुळं आतून दोन भाज्यांना पुरेल एवढी हळद निघाली. पेटी स्वच्छ झाली. निता पुन्हा अकराव्या मिनिटाला गेली.

नेमकं किती तापतं ते कळायला हवं होतं. मदरबोर्डवर एक लहानशी चिप असते. तिचं कामच ते. ताप किती, पंखा किती फिरतो, वीज किती येते, हे ती बसल्या जागी मोजत असते. पण ती आपण होऊन बोलत नाही. तिची भाषा समजणारा एक दुभाष्या कॉम्प्युटरात असावा लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. रत्नपालच्या कॉम्प्युटरात लिनक्स ही कार्यप्रणाली होती, तिच्यात अशा शेकडो चिपांचे ड्रायव्हर जगभरच्या लोकांनी हौसेनं लिहून फुकट ठेवलेले. त्यानं तपासणीचा प्रोग्रॅम चालवला. प्रोग्रॅमनं सगळी चौकशी करून अखेर कळवलं, चिप आहे, पण ओळखीची नाही.

रत्नपालला हे लागलं. त्याच्या घरात एक जीव अहोरात्र ताप मोजत बसला होता आणि त्याला विचारणारं कुणी नव्हतं.

“ड्रायव्हर न्हाई म्हणून अडलंय काका,” दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेजारच्या उत्तमसिंग राठोडांना म्हणाला. “मीच लिहावं म्हणतो.”

उत्तमसिंगकाका म्हणजे जिवनबाईंचे यजमान. एकतीस वर्षं एसटी चालवून निवृत्त झालेले. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

“ड्रायव्हर लिवतेत कसा रे? ड्रायव्हर भरती करतेत.”

“हा वेगळा काका. हा कॉम्प्युटरातला.”

“लायसन लागत न्हाई त्याला?”

“लागतं. पण फुकटचं लायसन असतं. कुणीबी वापरावं, कुणीबी बदलावं.”

एकतीस वर्षांच्या सचोटीच्या नोकरीवर कुणी पाणी ओतावं तसं काकांना झालं. पण रत्नपालनं चिपचं काम समजावलं तेव्हा ते एकदम सरळ बसले. “म्हंजे तापाचा काटा! आसं सांग की. आमच्या साकरा गावच्या फेरीच्या गाडीचा काटा बंद होता. वर्षभर मी इंजनावर हात ठिवून गाडी चालवली. बराबर कळायचं.” आणि तिथून पुढं गल्लीत रत्नपालच्या बाजूनं बोलणारा एक माणूस तयार झाला. तोटा एवढाच की काकांनी गावभर ‘रत्नपाल सर ड्रायव्हर व्हऊन राहिले’ असं सांगितलं, आणि बसस्टँडवर दोघांनी त्याला विचारलं की सर, नोकरीत काही तकलीफ आहे का.

काम तो पहाटे करायचा, सहाला उठून एसटीच्या वेळेपर्यंत. अशा चिपच्या दारावर ठरावीक पद्धतीनं दोनदा थाप मारली की ती उघडते. आत शे-दीडशे कप्पे, त्यांना रजिस्टर म्हणतात, आणि प्रत्येकात एक आकडा. पण कोणत्या कप्प्यात काय, ते कुठंच लिहिलेलं नाही. मग रत्नपालनं शोध लावायला सुरुवात केली. पंख्यात पेन्सिल अडकवायची आणि कोणता आकडा पडतो ते पाहायचं. गरम इस्त्री पेटीजवळ धरायची आणि कोणता चढतो ते पाहायचं. एका मंगळवारी त्यानं भलत्याच कप्प्यात भलताच आकडा टाकला, आणि कॉम्प्युटर पीं-पीं-पीं असा जो सुरू झाला तो थांबेना. बटण दाबलं, वायर उपटली. वायर परत लावली की पुन्हा पीं-पीं. गल्लीतली माणसं आधी मागं येणारा ट्रक समजून बाजूला झाली आणि मग ट्रक न आल्यानं रत्नपालच्या दारात जमली. जिवनबाई हातात खरोखरच ओलं पोतं घेऊन आल्या. “म्या म्हणलं व्हतं,” एवढंच त्या म्हणाल्या, पण त्यात सगळं आलं. अखेर आतला लहान सेल काढून पुन्हा बसवल्यावर यंत्र शांत झालं. त्या दिवशी रत्नपालची एसटी चुकली आणि कॉलेजात अर्धा दिवस रजा लागली.

रजेचं कारण त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं, ‘चिपचे रजिस्टर तपासणे’.

रामप्रसादांनी चष्मा वर केला. “कोणत्या विभागाचं रजिस्टर?”

“विभागाचं न्हाई सर. मदरबोर्डचं.”

“तपासायचा अधिकार कुणी दिला तुमाला?”

रत्नपालनं कारण खोडून ‘पोट दुखणे’ लिहिलं आणि रजा मंजूर झाली.

पण असं कप्पा-कप्पा चाचपडून वर्षं गेली असती. म्हणून त्यानं चिप बनवणाऱ्या तैवानच्या कंपनीला ईमेल लिहून माहितीपुस्तिका मागितली. कंपनीचं सभ्य उत्तर आलं की व्यक्तीला देत नाही, संस्थेचं पत्र पाठवा. रत्नपालनं इंग्रजीत पत्र तयार केलं, प्राचार्यांची सही झाली, आणि कागद आवक-जावक क्रमांकासाठी रामप्रसादांच्या टेबलावर पोचला.

त्याच आठवड्यात त्याच टेबलावर दुसराही एक कागद होता. निताच्या बदलीचं पोर्टल उघडलं होतं, आणि पतीच्या संस्थेनं थेट तिकडच्या कार्यालयाला ईमेलनं पाठवायचं प्रमाणपत्र यंदा अगदी बरोबर नमुन्यात तयार झालं होतं. ‘प्रमाणित करण्यात येते की, श्री. रत्नपाल अमृतराव खिल्लारे व सौ. निता हे कायदेशीर पती-पत्नी असून नोकरीनिमित्त सहा वर्षांपासून विभक्त राहत आहेत.’ यंदा तिच्या जागी यायला एक शिक्षकही तयार होता. निता पडद्यावर पहिल्यांदाच घराबद्दल बोलली होती. “ते खिडकीतलं भाजीचं पोतडं मी आल्यावर काढायचं. अन् हळदीचा वास मला चालतो, पन इस्त्री कुठं ठिवता तुमी? दिसत न्हाई कधी.” इस्त्री तेव्हा कॉम्प्युटरच्या मागं होती.

रामप्रसादांनी दोन्ही कागद स्कॅन केले. संगणकात एकाचं नाव ‘खिल्लारे पत्र’ ठेवलं आणि दुसऱ्याचं ‘खिल्लारे पत्र नवीन’. मग दोन्ही पाठवले.

आधी उत्तर आलं ते तैवानहून. लिन नावाच्या कुणा बाईंचं.

‘आपले प्रमाणपत्र मी यंत्राकडून भाषांतर करून वाचले,’ त्यांनी लिहिलं होतं. ‘आमची कंपनी चिप बनवते, बदल्या करत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. आपल्या आधीच्या ईमेलवरून आपल्याला काय हवे होते ते समजले. पूर्ण पुस्तिका देण्याची परवानगी मला नाही. पण रजिस्टरांचा तक्ता खुला करता येतो. तो मी वरिष्ठांना विचारून जोडत आहे. माझे पतीही दुसऱ्या शहरात काम करतात. आपली व आपल्या पत्नीची लवकर भेट व्हावी.’

रत्नपालनं आधी तक्ता पाहिला आणि खुर्चीतून उठला. सगळे कप्पे, नावागावासकट! मग पत्र दुसऱ्यांदा वाचलं आणि खाली बसला. तैवानला प्रमाणपत्र गेलं, तर मग प्रमाणपत्राच्या जागी काय गेलं?

ते बारा दिवसांनी कळलं. पोर्टलवर निताच्या अर्जापुढं शेरा होता, ‘सादर कागदपत्रात पतीऐवजी चिपचा उल्लेख. अमान्य.’ दुरुस्तीची मुदत आदल्या दिवशी संपली होती. रत्नपाल कार्यालयाला फोन लावत राहिला. तिसऱ्या माणसानं शांतपणे सांगितलं, आता पुढच्या वर्षी. रामप्रसादांपाशी गेला तर ते हादरले, दोनदा “अरेरे” म्हणाले, आणि मग त्यांनी विचारलं, “पोर्टल फॉरमॅट करता येतं का?”

निताला हे सांगायचं होतं. इथं रत्नपालनं आयुष्यातला सर्वांत भेकड हिशेब केला. सांगायचं, पण साडेदहाव्या मिनिटाला सांगायचं. म्हणजे तिच्या तोंडाकडे अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त पाहावं लागणार नाही. उरलेलं कॉम्प्युटर पाहून घेईल.

रविवारी तब्येत झाली, गॅस झाला. घड्याळाकडे पाहत त्यानं सांगायला सुरुवात केली. त्यात एक गोष्ट तो विसरला. आदल्या दिवशी गारपीट झाली होती, हवेत गारवा होता. अकरा मिनिटं झाली. कॉम्प्युटर चालूच. बारा झाली. आयुष्यात कधी नव्हे तो निताचा चेहरा स्वच्छ, ठळक, खऱ्याएवढा समोर, आणि ती पापणी न हलवता त्याच्याकडे पाहत होती.

“म्हंजे,” ती म्हणाली, “माझ्या बदलीचा कागद त्या चिपीसाठी गेला.”

“चुकून गेला. रामप्रसाद सरांनी—”

“तुमी काहून न्हाई पाहिलं? पाठवताना टेबलापाशी हुबं राहून तुमी काहून न्हाई पाहिलं?”

तो उभा नव्हता, कारण त्या वेळी तो प्रयोगशाळेत बसून, घरून लिहून आणलेल्या आकड्यांत पंख्याचा कप्पा शोधत होता. हे तो बोलला नाही, पण निता शिक्षिका होती. न बोललेली उत्तरं ओळखायचाच तिला पगार होता.

त्या दिवशी कॉम्प्युटर बंद पडला नाही. निता बंद झाली. तिनं स्वतःच्या हातानं कॉल तोडला.

पुढचे तीन रविवार ती आली नाही. ‘जेवले का’ असा निरोप यायचा. ‘हो’ असा जायचा. ‘तू’ असं तो विचारायचा. ‘हो’ यायचं. सहा वर्षांत रत्नपालला पहिल्यांदा कळलं की अकरा मिनिटं हा केवढा मोठा वेळ असतो. रविवारी दुपारी दोनला तो सवयीनं खुर्चीत बसायचा आणि बसलाच आहे तर ड्रायव्हर लिहायचा. आता कशासाठी लिहितो ते त्यालाही सांगता आलं नसतं. एवढं मोल देऊन आलेला तक्ता तसाच पडू द्यायचा, हे मात्र त्याच्यानं होईना.

तक्त्यामुळं काम भराभर झालं. आकडे बोलू लागले. प्रोसेसरचा ताप चाळीस, पन्नास, साठ, सत्तर असा चढताना दिसला आणि नव्वदच्या पुढं यंत्र मान टाकतं तेही दिसलं. पण का, ते कळेना. पंखा तर फिरत होता. एका दुपारी उत्तमसिंगकाका येऊन दारात बसले. कॉम्प्युटर तापवायला लावलेला होता. काका डोळे मिटून ऐकत होते.

“रत्नपाल, ह्यो पंखा झोपून फिरून राहिला.”

“फिरतोय काका. आठशे फेरे.”

“आरं इंजन चढावर अन् पंखा उतारावर. आवाज बदलला का त्याचा? मघापासून येकच सूर हाय. त्याला कुणी सांगितलंच न्हाई की चढ लागला.”

रत्नपालनं तक्ता काढला. पंख्यानं कोणत्या तापाकडे पाहून वेग धरायचा, त्याचा एक कप्पा होता. त्यात पाहिलं तर पंखा प्रोसेसरकडे पाहतच नव्हता. तो पाहत होता पेटीच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात, जिथं बारा महिने गारवा होता. रत्नपालनं त्या कप्प्यातला एक आकडा बदलला. पंखा गुरगुरला, मग वाऱ्यासारखा सुटला, आणि चढलेला ताप सत्तर, साठ, पन्नास असा पायऱ्या उतरत खाली आला.

“घ्या,” काका म्हणाले. “जागा झाला.”

असा ड्रायव्हर आपल्याच घरी ठेवला तर तो आपल्यापुरता. रत्नपालनं तो लिनक्सवाल्यांच्या ईमेल-यादीवर पाठवला, की ही चिप आणखी कुणाच्या घरात मुकी बसली असेल तर बोलावी. पहिला ईमेल यंत्रानंच परत केला, रंगीत अक्षरं चालत नाहीत. दुसऱ्याला ओलाफ नावाच्या साहेबांचं उत्तर आलं. तिकडं असे ड्रायव्हर तपासायचं काम ते बघायचे. त्यांनी आभार मानले आणि खाली तेवीस चुका काढल्या. एक्केचाळिसाव्या ओळीत जागा जास्त सुटली आहे. हे नाव लांब आहे. ताप शून्याखाली गेला तर काय कराल?

“कुरुंद्यात ताप शून्याखाली?” रत्नपाल भडकला. तो एम.एस्सी. होता. प्रयोगशाळेत पोरं त्याला सर म्हणत होती. दोन दिवस त्यानं ओलाफशी मनातल्या मनात कडाक्याचं भांडण केलं, इंग्रजीतून, आणि ते जिंकलंही. मग तिसऱ्या दिवशी एसटीत त्याच्या ध्यानात आलं की आजवर त्यानं आणि नितानं मिळून जे ढीगभर अर्ज लिहिले, त्यातला एकही कुणी एक्केचाळिसाव्या ओळीपर्यंत वाचला नव्हता. हा गडी ओळखीचा ना पाळखीचा, पण त्यानं प्रत्येक ओळ वाचली होती. रत्नपालनं तेवीसही चुका दुरुस्त केल्या. ओलाफनं नव्या नऊ काढल्या. मग पाच. मग एकच प्रश्न विचारला, पंख्याचा दोष सापडला कसा?

रत्नपालनं खरं ते कळवलं, शेजारी एक निवृत्त बसड्रायव्हर आहेत, त्यांनी कानानं ओळखला. ओलाफचं उत्तर आलं, मग दोष कळवणारा म्हणून त्यांचं नाव घाला. नाव आणि ईमेल.

“मला पेन्शनीचा एसेमेस येतो. तो चालंल का?” काकांनी विचारलं.

चालणार नव्हता. मग काकांचा ईमेल काढण्यात एक अख्खी दुपार गेली. पासवर्ड काका अंगणातून जिवनबाईंना ओरडून सांगायचे, म्हणून तो तीनदा बदलावा लागला. सातव्या खेपेला ओलाफनं फक्त एवढंच लिहिलं, घेतला. खाली उत्तमसिंग राठोड, कुरुंदा, असं जगाच्या दप्तरात कायमचं नोंदलं गेलं. काकांनी त्या पानाची प्रत काढून आणायला लावली आणि नव्या कोऱ्या टोपीसारखी ती दोन दिवस गावातून मिरवली.

रत्नपालनं निताला निरोप पाठवला, ‘ड्रायव्हर झाला. आता बंद पडत नाही.’

संध्याकाळपर्यंत काही नाही. मग आलं, ‘बघू.’

रविवारी दोनला ती आली. शाळेलगतच्या तिच्या खोलीत खाटेवर बसलेली, मोबाईल डब्याला टेकवलेला. थोडी वाळली होती. तब्येत झाली. गॅस झाला. फॉर्म तर नव्हताच. दहा मिनिटं झाली तशी दोघंही सवयीनं घाईघाईनं बोलू लागली, आणि अकरा झाली, बारा झाली, पंधरा झाली, आणि बोलायचं संपलं. आखलेलं सगळं संपलं होतं आणि पुढं केवढा तरी वेळ मोकळा पडला होता, आणि त्यात कसं वागायचं ते दोघांनाही माहीत नव्हतं.

“बोला की,” निता म्हणाली.

“तूच बोल.”

तिनं खाली पाहिलं, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं, आणि मग तिचे खांदे हलायला लागले. रत्नपाल घाबरला. त्यानं तिला लग्नानंतर रडताना पाहिलंच नव्हतं. त्याला वाटत आलं होतं, ही खंबीर आहे.

“निता. आगं. माझी चूक हाय, मी—”

“त्या चुकीचं न्हाई हो.” तिनं नाक पुसलं. “रडायला बी वेळ लागतो. आधी नेटवर्क जायचं, मंग हे यंत्र. सुरू करून मधीच बंद पडलं तर मानसानं काय करावं? म्हणून मी कधी सुरूच केलं न्हाई.”

ती सावकाश, घाई न करता रडली, सहा वर्षांचं रडली. तो खुर्ची पुढं ओढून बसून राहिला. तिच्या पाठीवरून हात फिरवावा असं त्याच्या हातात आलं आणि हात टेबलावरच राहिला.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “किती हाय आता?”

“काय?”

“ताप. तुमच्या चिपीचा.”

“एक्कावन्न.”

“म्हंजे बरा हाय.”

“लई बरा.”

“मंग मी जरा आडवी होते. डोकं दुखून राहिलं. बंद नका करू.” तिनं उशी डब्याजवळ ओढली आणि तोंड मोबाईलकडे करून निजली. “हितंच ऱ्हा.”

“हितंच हाय.”

पाच मिनिटांत तिला झोप लागली. रत्नपाल पाहत राहिला. झोपेत तिचं तोंड थोडं उघडं राहतं आणि एक हात गालाखाली जातो, हे तो पार विसरला होता. केसांत पांढरा एक दिसला. तो कधी आला असेल? खोलीतल्या पंख्यानं तिची बट उडायची आणि पुन्हा कपाळावर यायची. ती बाजूला करायला कुणी नव्हतं, तरी ती झोपली होती. खोल, निवांत, घरच्यासारखी.

“रत्नपाल!” उत्तमसिंगकाका दारातून गरजले. “चालू हाय का बंद—”

रत्नपालनं मागं न वळताच हात वर केला आणि बोट ओठांवर धरलं. काकांनी पडद्याकडे पाहिलं. चपला तिथंच सोडल्या, दोन पावलं पुढं आले, पुन्हा पाहिलं, आणि आले तसे चवड्यांवर मागं गेले.

माईक बंद करता आला असता. रत्नपालला ते सुचलंही. पण बंद करायचा कोणताही खटका त्या दुपारी त्याला नको होता.

बाहेर समोरून हळदीची पोती लादलेला ट्रॅक्टर येत होता, वर मोठ्यानं गाणी लावलेली. उत्तमसिंगकाका अनवाणी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात पसरले. ट्रॅक्टर थांबला.

“काय झालं काका?”

“बंद कर. गाणं बी, इंजन बी. ढकलत ने पुढं.”

“पन काहून?”

“सर अन् सूनबाई घरात हायत. सूनबाईला डोळा लागलाय.”

“पन त्या तर तिकडं डोंगरात—”

“झोपली म्हणलं न!” काका दबक्या आवाजात ओरडले.

ट्रॅक्टरवाल्यानं चावी फिरवली. गाणं थांबलं, इंजन थांबलं. मग तो खाली उतरला, पोत्यांवरचे दोन गडी उतरले, जिवनबाईंनी हातातली बादली ठेवली, आणि सगळ्यांनी मिळून तो भरलेला ट्रॅक्टर खिल्लारेंच्या दारावरून, कुणीही तोंडातून शब्द न काढता, हळूहळू ढकलत पलीकडे नेला.